जेवणाच्या टेबलावरचे दोन पेशंट

सबनीस डॉक्टर दूध तापत ठेवतात तेव्हा गॅसशेजारी एक छापील तक्ता ठेवतात. तक्त्यात बारीक चौकटी असतात. दर मिनिटाला ते दुधात थर्मामीटर बुडवतात, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात, चष्मा खाली घेतात आणि चौकटीत एक टिंब काढतात. चष्म्याच्या या चढउतारात दूध उतू जातं. मग ते घड्याळ बघून लिहितात, 'आठ सतरा : उतू.' त्यांच्या पत्नी शैलाकाकू ओटा पुसता पुसता म्हणतात, "दूध वाचत नाही, पण नोंद कधी चुकत नाही."

डॉक्टर एकतीस वर्षं इंग्लंडातल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशन चालू असताना दर पाच मिनिटांनी पेशंटची नाडी आणि ब्लडप्रेशर टिंबांनी नोंदवायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी हात थांबायला तयार नाही. लॉन कापताना नोंद, गाडी धुताना नोंद. एकदा कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन केला तेव्हा चाळीस मिनिटं होल्डवर ठेवलं, त्याची आठ टिंबं मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्या स्वतःच्या ब्लडप्रेशरची होती.

मी जिंतूरचा. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील सुतार. औरंगाबादला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली आणि २००५ च्या हिवाळ्यात कंपनीने मला लंडनजवळच्या मेडनहेडला पाठवलं. डॉक्टरांच्या घरापासून तिसऱ्या दारात मी एक खोली भाड्याने घेतली. पहिल्याच आठवड्यात फुटपाथवर बर्फाचा पातळ थर जमला होता आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चाललो होतो. मागून मराठीत आवाज आला, "पावलं लहान टाका. बदकासारखी."

मी वळलो. ठेंगणा, सडपातळ म्हातारा माणूस, हातात खराटा.

"मी मराठी आहे हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मफलर कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलीय तुम्ही. इतका बंदोबस्त दुसरं कोण करतं?"

त्या दिवशी काकूंनी पोहे खायला घातले. मी डॉक्टरांसमोर खुर्चीच्या काठावर बसलो होतो. लहानपणी आमच्या गावात डॉक्टरांपुढे वडील उभेच राहायचे, ते माझ्या अंगात मुरलेलं होतं. सबनीस म्हणाले, "नीट टेकून बस. खुर्चीलाही आपण उपयोगी आहोत असं वाटू दे." तुम्हीचा तू झाला तो तिथेच. परक्या मुलखात मला मिळालेल्या त्या 'तू'चं मोल मी कधी विसरणार नाही.

डॉक्टरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "झोपवता कुणालाही येतं, उठवता आलं पाहिजे." हे वाक्य ते कुठेही लावत. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांचं स्वागताचं भाषण पाऊण तास चाललं तेव्हा ते माझ्या कानात हेच म्हणाले होते.

आणखी एक गोष्ट सांगतो. एकदा आम्ही हाय स्ट्रीटवर चाललो होतो. समोरून एक वयस्क इंग्रज बाई आल्या. डॉक्टर थांबले, हसले, "तुमचे हिप्स कसे आहेत?" म्हणाले. बाई गोंधळल्या. डॉक्टरांनी हॉस्पिटलचं नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "ओह, ॲलनने बदलले माझे दोन्ही हिप्स. देवमाणूस." मग डॉक्टरांकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही तिथे पोर्टर होतात का?" पोर्टर म्हणजे पेशंटची ढकलगाडी नेणारा.

"साधारण तसंच," डॉक्टर म्हणाले. "लोकांना इकडून तिकडे नेत असे आणि परत आणत असे."

बाई गेल्यावर मला राहवलं नाही. "डॉक्टर, तुम्ही सांगायचं ना."

"अरे, तिला मी आठवलो असतो तर भूल कच्ची ठरली असती. सर्जन लक्षात राहतो, भूलवाला विसरला जातो. नियमच आहे तो."

ॲलन हा तो सर्जन. हाडांचा. सव्वासहा फूट उंच, आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा. पंचवीस वर्षं दोघं एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये, हिरव्या पडद्याच्या दोन बाजूंना. ॲलन पायाकडे, आमचे डॉक्टर डोक्याकडे. ॲलन घाई करायचा, डॉक्टर त्याला थांबवायचे. दर मार्चमध्ये दोघं आठवडाभर स्कॉटलंडला स्कीइंगला जायचे. ॲलननेच त्यांना शिकवलं होतं. डॉक्टर म्हणत, "पहिल्या वर्षी मी उभा कमी आणि आडवा जास्त होतो. ॲलन म्हणाला, ही तुझ्या पेशंटांची बाजू आहे, एकदा अनुभव घे."

ॲलनची बायको मार्गारेट बरोबर असायची. ती स्की करत नसे. उताराच्या तळाशी एक कॅफे होता, त्याच्या खिडकीत विणकाम घेऊन बसायची. ॲलनच्या स्की, म्हणजे बर्फावरून घसरायला पायांत अडकवायच्या लांब फळ्या, लालभडक होत्या. वरून ठिपक्याएवढा माणूस निघाला तरी त्या लाल रंगावरून तिला कळायचं, की हा आपला.

मी मेडनहेडला आलो त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ॲलन वारला. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, मार्गारेटने त्या लाल स्की डॉक्टरांकडे पाठवल्या. सोबत चिठ्ठी होती. मी मार्चमध्ये नेहमीच्या ठिकाणी जाऊन बसणार आहे. या स्की एकदा खाली येताना बघायच्या आहेत. तू आणशील का?

डॉक्टरांनी त्याच दिवशी फोन करून 'हो' सांगून टाकलं. मग त्यांनी आपले स्कीचे बूट बाहेर काढले आणि स्कीवर ठेवले. ॲलनचा बूट होडीएवढा. डॉक्टरांचा पाय आमच्या काकूंच्या पायापेक्षा अर्धा इंच मोठा असेल.

स्कीवर बूट पकडून धरणारी दोन लोखंडी खोबणी असतात, एक चवड्याशी आणि एक टाचेशी. त्यांना बाइंडिंग म्हणतात. ती स्कीमध्ये स्क्रूने पक्की केलेली असतात. डॉक्टरांच्या बुटासाठी चवड्याकडचं बाइंडिंग मागे आणि टाचेकडचं पुढे सरकवायला हवं होतं. म्हणजे जुने स्क्रू काढा, जुनी भोकं बुजवा आणि नवी पाडा. भोक नऊ मिलिमीटर खोल. थोडं जास्त गेलं की ड्रिल तळातून बाहेर आणि स्की कायमची गेली. थोडं तिरकं गेलं की बूट वाकडा आणि गुडघा गेला.

डॉक्टर आणि मी त्या स्कीच्या दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने स्की उलटसुलट करून पाहिल्या आणि अदबीने सांगितलं, की बाइंडिंग फार जुनं आहे, आमच्या यादीत नाही, इन्शुरन्समुळे आम्ही हात लावू शकत नाही. नवं बाइंडिंग घेतलंत तर बसवून देऊ. नाहीतर भिंतीवर टांगायला छान दिसतील.

डॉक्टरांनी स्की पुन्हा गाडीत घातल्या. काकूंनी दार उघडल्यावर म्हणाले, "घरीच करायचं."

"काय करायचं?"

"ऑपरेशन."

"अहो, नवीन बाइंडिंग घ्या ना. इतका काय हट्ट?"

"हे ॲलनने स्वतः बसवलंय, त्याच्या गॅरेजमध्ये. मी स्की धरून उभा होतो."

"म्हणजे तुम्ही धरली होती. भोक त्यांनी पाडलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही आयुष्यात भिंतीला खिळा मारलेला नाही."

"म्हणून तर संतोषला बोलावलंय."

संतोष म्हणजे मी, आणि मला का बोलावलंय हे मला तेव्हाच कळलं. वडील सुतार असल्याचं मी त्यांना एकदा सांगितलं होतं. परदेशात आल्यापासून ते मी फारसं कुणाला सांगत नसे, का ते मलाही नीट सांगता यायचं नाही. डॉक्टरांनी मात्र ते पदवीसारखं लक्षात ठेवलं होतं. "हा घराण्यातला माणूस आहे," ते काकूंना म्हणाले. "मी भूल देईन, हा सर्जन."

दुसऱ्या दिवशी दोन्ही स्की जेवणाच्या टेबलावर आल्या. खाली स्वच्छ चादर, दोन्ही टोकांना उशा. प्रत्येकीचा केसपेपर झाला. नाव : लाल उजवी, लाल डावी. वय : सोळा. पूर्वीची शस्त्रक्रिया : एक, सर्जन ॲलन. ॲलर्जी : पाणी. डावी आणि उजवी तशी सारखीच असते, पण डॉक्टरांना ते पटलं नाही. "ऑपरेशनची बाजू चुकली म्हणून या देशात मोठमोठ्या कन्सल्टंट्सना घरी जावं लागलंय." त्यांनी मार्करने दोघींवर बाण काढले.

आणि मग काहीच होईना. पहिल्या शनिवारी मी ड्रिल घेऊन हजर झालो तर डॉक्टर म्हणाले, "खोलीचं तापमान सोळा आहे. गोंद धरणार नाही. पेशंट अनफिट." दुसऱ्या शनिवारी जुन्या भोकांत ओल सापडली. त्यांनी काकूंचा हेअर ड्रायर मागवला आणि दर पाच मिनिटांनी नोंद करत दोन तास भोकं वाळवली. मग प्लास्टिकच्या बारीक खुंट्या गोंदात बुडवून भोकं बुजवली. गोंद घालायला इंजेक्शनची सिरिंज. सिरिंजवर लेबल : गोंद. वेळ. सही.

"घरात गोंदाशिवाय दुसरं काही सिरिंजमध्ये आहे का?" काकूंनी विचारलं.

"लेबल नसलेली सिरिंज मी हातात घेत नाही. तुझ्या हातचीही नाही."

"तीन आठवडे होत आले, आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतोय," काकू मला म्हणाल्या. "माझा गुडघा बदलला तेव्हा दीड तासात घरच्यांना आत सोडलं होतं."

"तुला भूल कोणी दिली होती?" डॉक्टर.

"तुम्ही नव्हती दिली. म्हणूनच दीड तासात झालं."

मीही खरं तर उतावीळ झालो होतो. मार्च जवळ येत होता. त्यात डॉक्टरांनी मला सरावाला बसवलं. एक जुनी फळी आणली आणि म्हणाले, नऊ मिलिमीटरची चाळीस भोकं, सरळ, मग बोलू. मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "गिरमिटाला सुतळीचा फेर बांध जेवढं आत जायचं तेवढ्यावर. सुतळी लाकडाला टेकली की थांब. आणि हाताने दाब देऊ नको, अंगाच्या भाराने कर." बर्फावरच्या फळीला भोक पाडायचंय, हे मी त्यांना दोनदा समजावलं. शेवटी ते म्हणाले, "फळी कशाची का असेना, घाई करणाऱ्याचीच फुटते." हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'सीनियर ओपिनियन'.

मी ड्रिलच्या बिटाला नऊ मिलिमीटरवर पिवळ्या टेपचा फेर दिला. चाळीस भोकं पाडली. डॉक्टरांनी प्रत्येकात काडी घालून खोली मोजली. सदतीस पास, तीन नापास. नापास झाली ती तिन्ही शेवटची होती. "दमल्यावर हात खाली जातो तुझा. म्हणजे दर चार भोकांनंतर चहा."

आता राहिलं टेम्प्लेट. भोकं नेमकी कुठे पाडायची ते दाखवणारा कागद. स्की करणाऱ्यांच्या एका वेबसाइटवर तो मला सापडला आणि शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणला. तेवढंच काम पूर्णपणे माझं होतं. डॉक्टरांनी बुटाची लांबी सात वेळा मोजली होती, स्कीचा मध्य अकरा वेळा. कागद माझा म्हणून त्यांनी तो तसाच घेतला.

शनिवारी सकाळी तापमान एकवीस, ओल नाही, हवा कोरडी. डॉक्टरांनी खिडकीजवळचा दिवा टेबलावर ओढला. काकूंना बाहेर जायला सांगितलं, त्या गेल्या नाहीत. मी टेम्प्लेट उजव्या स्कीवर चिकटवलं. डॉक्टर सिरिंजना लेबलं लावत होते, तेवढ्यात मी टोच्याने चार खुणा करून घेतल्या. ड्रिल उचललं. बोट बटणावर ठेवलं.

"थांब," डॉक्टर म्हणाले.

माझा संयम संपला होता. "डॉक्टर, सगळं तपासून झालंय. तीन आठवडे झालेत."

"पेशंटचं नाव?"

"लाल उजवी."

"बाजू?"

"उजवी. बाण आहे."

"या कागदाच्या खाली एक रेघ आहे. तिच्यापुढे शंभर मिलिमीटर लिहिलंय. ती कशासाठी?"

मी पाहिलं. रेघ होती. मी ती पाहिलीच नव्हती. डॉक्टरांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि रेघेवर ठेवली. मग पट्टी माझ्याकडे सरकवली.

चौऱ्याण्णव.

ऑफिसच्या प्रिंटरने कागदावर मावावं म्हणून अख्खं चित्र आक्रसून छापलं होतं. कॉम्प्युटरला नेमकं सांगितलं नाही की असंच होतं, हे रोज लोकांना समजावून सांगणं हे माझं पोट भरण्याचं साधन. त्या मापाने भोकं पाडली असती तर बाइंडिंगचा एकही स्क्रू जागेवर बसला नसता. आठ भोकं एका स्कीला, दोन्ही मिळून सोळा, सगळी चुकीची. मी ड्रिल खाली ठेवलं. एवढं शिकून, घराण्यातला माणूस म्हणवून घेऊन मी डॉक्टरांकडे उरलेली ॲलनची एकुलती एक वस्तू नासवायला निघालो होतो.

"डॉक्टर, मला माफ करा."

"माझी चूक," ते म्हणाले. "तू इंजिनिअर आहेस म्हणून मी कागद तपासला नाही. विश्वास आणि तपासणी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक केली म्हणून दुसरी सोडायची नसते." त्यांनी तक्त्यावर टिंब काढलं. "आता तुझी नाडी बघू."

त्यांनी खरंच बघितली. एकशे अठरा.

काकू पुढे आल्या आणि टोच्याच्या चार खुणांवर वाकून म्हणाल्या, "देवीचे वण राहिले हो हिला."

"बाइंडिंगच्या खाली झाकले जातील," डॉक्टर म्हणाले. "जा, ऑफिसला जाऊन नवीन घेऊन ये. आज होणार आहे. पुढच्या शनिवारी नाही, आज."

मी सायकलने ऑफिसला गेलो. सिक्युरिटी गार्डला म्हणालो, फार अर्जंट आहे. त्याला वाटलं सर्व्हर पडला. त्याने माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवली. प्रिंटरला या वेळी नीट बजावलं, तिथेच रेघ मोजली, परत आल्यावर डॉक्टरांनी मोजली, मग काकूंनी शिवणाच्या टेपने मोजली. शंभर.

त्यानंतरचा दीड तास मला फार स्पष्ट आठवतो. डॉक्टरांनी दोन्ही तळव्यांनी स्कीचं टोक धरलं होतं. लाल रंगाचा भुगा बाहेर आला, मग पांढरा, मग पत्र्याची चकाकी, मग लाकडाचा पिवळा. टेप टेकली की मी थांबायचो. डॉक्टर 'एक' म्हणायचे, काकू भुगा फुंकायला पुढे व्हायच्या आणि डॉक्टर त्यांना हाताने थोपवून स्वतः चिमट्याने कापूस फिरवायचे. चार भोकं, चहा. चार भोकं, चहा. सोळाव्या भोकाला माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. स्की उलटी केली. तळ अखंड होता. डॉक्टरांनी त्यावरून सावकाश हात फिरवला, मग दुसऱ्या स्कीवरून.

लेबल लावलेल्या सिरिंजने प्रत्येक भोकात गोंदाचा एक थेंब. मग स्क्रू, मी हातानेच पिळले, मशीनने नाही. रविवारी दुपारपर्यंत हात लावायचा नाही, असा हुकूम झाला.

रविवारी मी गेलो तेव्हा काकूंनी शिरा केला होता. डॉक्टर स्कीचे बूट घालून, मोज्यांत पँट खोचून, खुर्चीत तयार बसले होते. स्की गालिच्यावर. त्यांनी चवडा आत सारला, टाच दाबली. खट्. दुसरा पाय. खट्. ते उभे राहिले. जागच्या जागी डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. बाइंडिंगने हूं की चूं केलं नाही. काकू म्हणाल्या, "गालिचा फाडू नका." पण त्यांनी पदराने डोळ्याचा कोपरा टिपला, ते मी पाहिलं.

माझ्या हातात वेबसाइटवरची यादी होती. मी एकेक ओळ वाचत होतो आणि डॉक्टर 'हो' म्हणत होते. शेवटची ओळ उरली. बाइंडिंगमध्ये एक स्प्रिंग असते. माणूस पडला की किती जोर आल्यावर बूट सोडायचा, ते तिच्यावर ठरतं. छोट्या खिडकीत आकडा दिसतो. माणसाचं वय, वजन, उंची बघून तो लावायचा. जड आणि तरबेज माणसाला मोठा आकडा, हलक्या आणि म्हाताऱ्या माणसाला लहान. मी वाकून पाहिलं. चारही खिडक्यांत आठ.

"डॉक्टर, तुमच्या वजनाला तक्त्याप्रमाणे साडेचार येतो."

"हं."

"पेचकस देऊ?"

"राहू दे. नंतर बघू."

मी त्यांच्याकडे पाहिलं. 'नंतर बघू' हे शब्द मी त्या तोंडून कधी ऐकले नव्हते. बूट स्कीतून सोडवून ते पुन्हा खुर्चीत बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

"डॉक्टर, आठावर तुमचा पाय सुटणार नाही. पडलात तर हाड मोडेल."

"मला माहीत आहे. एकतीस वर्षं मी वजनावर डोस दिलाय." त्यांनी स्कीकडे बोट दाखवलं. "तो आकडा त्याने लावलाय. त्याच्या शेवटच्या मार्चमध्ये, स्कॉटलंडला निघायच्या आदल्या दिवशी. त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नाही."

शिऱ्याच्या वाट्या घेऊन काकू दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, वाट्या ठेवल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मार्गारेटला स्की खाली आलेल्या बघायच्यात. तुम्ही स्ट्रेचरवरून आलेले बघायला तिने चिठ्ठी लिहिली नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पेचकस दिला. "मी करू का?" विचारलं तर मान हलवून नाही म्हणाले. गालिच्यावर गुडघे टेकून ते एकेका खिडकीशी वाकले. उजव्या स्कीचा चवडा. उजवी टाच. डाव्या स्कीचा चवडा. प्रत्येक वेळी आकडा आठावरून हळूहळू सरकताना बघत होते, साडेचारावर आला की क्षणभर तसेच राहात होते.

चौथ्यापाशी ते थांबले. डाव्या पायाची टाच. बराच वेळ पेचकस खाचेत नुसता टेकवून ठेवला.

"संतोष," ते वर न बघता म्हणाले, "एवढं एक राहिलं तर चालेल का?"

त्या घरात मी आजवर त्यांना कशालाही नाही म्हणालो नव्हतो. हा माणूस मला विचारत होता, तेही असं, जसं पेशंट डॉक्टरला विचारतो.

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "चालणार नाही."

त्यांनी मान डोलावली, जणू हेच उत्तर हवं होतं, आणि स्क्रू फिरवला. आठ, सात, सहा. साडेचार. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, पेचकस मला दिला आणि फोनकडे गेले.

मार्गारेटने पहिल्याच घंटीला उचलला असावा. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते, नेहमीपेक्षा हळू. बाइंडिंग नीट बसलंय. हो, त्याच स्की. नाही, रंगाला काही झालं नाही, तशाच लाल आहेत. मग ते थोडा वेळ नुसते ऐकत राहिले. काकूंनी माझ्या हातात शिऱ्याची वाटी दिली, पण खा म्हणाल्या नाहीत.

"मार्गारेट, एक सांगून ठेवतो," डॉक्टर फोनवर म्हणाले. "मी ॲलनसारखा नाही. त्याच्या अर्ध्या वेगाने येणार. कदाचित त्याहून हळू. तुला वाटेल, लाल स्की आता येत नाहीत. दुसरा चहा मागव, पण खिडकीतून उठू नकोस."